अंगठ्याखालचे दात

ठकी आली आणि दाराकडे तोंड करून बसली. तिच्यासाठी मोठी खुर्ची रिकामी ठेवली होती, पण त्या खुर्चीची पाठ दाराकडे होती. तिनं ती उचलून भिंतीला लावली, पर्स मांडीवर घेतली आणि पर्सच्या पट्ट्याला मनगटाभोवती दोन वेढे दिले. वहिनीनं ते पाहिलं आणि ती चहाचं आधण ठेवायला आत गेली. एक तर ते पाहवत नव्हतं, आणि दुसरं म्हणजे या घरात कुणाचं तोंड उतरलेलं दिसलं की सुनेनं चहा टाकायचा, ही जुनी वहिवाट होती.

सुट्टीचा दिवस होता. खाली दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलेलं होतं. एरवी सुट्टीलाही कुणीतरी हरवलेल्या चावीचं रडगाणं घेऊन येईच, आणि अण्णा "चावी हरवली, डोकं तरी आणलंस ना बरोबर?" असं म्हणत जिना उतरत. आज कुणी आलं असतं तरी ते उतरले नसते. खिडकीजवळच्या आपल्या जागी ते बसले होते. त्यांच्या पायाशी आई लसूण सोलत होती. घरात पुरेसा सोललेला लसूण होता, पण आईला रिकाम्या हातानं भांडण ऐकता येत नसे.

"काकांना सांग पुन्हा एकदा," थोरला म्हणाला. थोरला म्हणजे ठकीचा मोठा भाऊ, वहिनीचा नवरा. अण्णांनी कानस खाली ठेवल्यापासून दुकान तोच बघत होता.

"दहादा सांगून झालंय, दादा."

"त्यांनी ऐकलं नाहीये."

काकांनी ऐकलं होतं. अण्णांचे हे धाकटे भाऊ. नातलगांत कुणाला शिंक आली तर ती त्यांना आधी कळे. पण ऐकीव बातमी त्यांना उष्टी वाटायची. ते खुर्चीत पुढे सरकले.

ठकीनं सांगितलं. चष्म्याच्या दुकानात ती दिवसभर लोकांना "हे अक्षर वाचा, आता हे वाचा" म्हणते, त्याच आवाजात सांगितलं. "कामावरून आले. कुलूप लावून गेले होते तसंच होतं. उघडलं, आत गेले. तर नळ गळत नव्हता."

"म्हणजे?"

"कधीपासून गळत होता. मी खाली बादली ठेवायचे. बादली कोरडी करून पालथी घातलेली. कपाटाचं दार लटकत होतं, ते सरळ बसवलेलं. टेबल डुगडुगायचं, त्याच्या पायाखाली कागदाची घडी. एक कप धुऊन उपडा ठेवला होता, कान भिंतीकडे करून. तो तसाच ठेवतो. आणि टेबलावर चावी."

वहिनी चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबली. ती चावी तिनं परवा हातात घेऊन पाहिली होती. नवी कोरी, कानशीचे ओरखडे अजून चकाकत होते. ठकीच्या कुलपाला चाव्या दोनच होत्या: एक ठकीच्या पर्समध्ये, दुसरी खाली अण्णांच्या कपाटात, घरातल्या सगळ्यांच्या जादा चाव्या असतात त्या कड्यात. दोन्ही जागच्या जागी होत्या. ही तिसरी होती.

"पण नेलं काही नाही ना?" काका म्हणाले. "मग देवाची कृपा म्हणायची. उलट नळ..."

आईनं लसणावरून मान वर केली. काकांनी पुढचं वाक्य गिळलं.

"पोलीसही तेच म्हणाले," ठकी म्हणाली. "कुलूप फुटलेलं नाही, वस्तू गेलेली नाही. नळ दुरुस्त केला अशी तक्रार कशी लिहायची, बाई? तुम्हीच कधी त्यांना चावी दिली असेल, आठवून बघा, म्हणाले."

त्याचं नाव कुणी घेत नसे. पूर्वी तो 'जावईबापू' होता, त्याआधी नुसता 'पोरगा' होता. कुणाच्या तरी ओळखीनं दुकानात झाडलोट करायला आला आणि बघता बघता अण्णांचा उजवा हात झाला. नुसत्या नजरेनं चावी वाचायची विद्या अण्णांनी त्याला शिकवली: गिऱ्हाईक बोटात चावी फिरवत बोलत असलं तरी मागे बसून तो तिचे दात कोऱ्या चावीवर उतरवायचा. थोरल्याला ते आयुष्यात जमलं नाही. अण्णांनी त्या पोराला आधी कानस दिली, मग मुलगी दिली. मुलीला त्यानं घरात कोंडायला सुरुवात केली. कामावर जाताना बाहेरून कुलूप लावायचा, आणि कुलूप असं की सासऱ्यांनी शिकवलेलं. ठकी त्या घरातून शेवटी खिडकीतून उतरली, पाय मोडून घेतला आणि माहेरी आली. पुढे कोर्ट झालं, मनाईचा हुकूम झाला, आणि ठकीनं पुन्हा एकटीनं राहायचं ठरवलं तेव्हा ती अण्णांजवळ येऊन बसली होती.

"पत्ता नाही लपायचा, अण्णा," ती तेव्हा म्हणाली होती. "माझं दुकान भर रस्त्यावर आहे. तो मागोमाग चालत आला की झालं. तुम्ही मला दार द्या."

अण्णांचा हात तोवर थरथरायला लागला होता. तरी ते खाली उतरले, डोळ्याला भिंग लावलं आणि लेकीसाठी कुलूप करायला बसले. असं कुलूप त्यांनी आयुष्यात केलं नव्हतं. ते दाराला बसलं आणि ठकी झोपायला लागली. फोनवर वहिनीला म्हणाली होती, "काल रात्री उठून बघितलंच नाही गं मी." वहिनीला ते वाक्य आठवलं आणि ट्रेमधल्या कपांचा आवाज झाला.

"प्रश्न एवढाच आहे," थोरला म्हणाला. त्यानं आवाज दुकानातला लावला होता. "चावी बघितल्याशिवाय कापता येत नाही. त्यानं ती कुठेतरी बघितली. आणि चावीचा फोटो कुणी काढला, हे इथे सगळ्यांना माहीत आहे."

सगळ्यांनी वहिनीकडे पाहिलं.

फोटो वहिनीनंच काढला होता. भिंतीवर ओळीनं टांगलेले 'पंजे' असतात, त्यातला तो शेवटचा. घराण्यात कुणी नवं घर केलं की त्याच्यासाठी दुकानात कुलूप व्हायचं, आणि चावी हातात पडली की फोटो काढायचा: उजवा पंजा, पंजावर चावी, चावीवर अंगठा. अण्णांच्या आजोबांपासूनची पद्धत. काळ्या-पांढऱ्या पंजांत आजोबांचा होता, बोटाचं पेर तुटलेला. मग अण्णांचा, काकांचा, थोरल्याचा, आणि शेवटी ठकीचा, रंगीत. पूर्वी हे फोटो भिंतीवरच राहत. आता ते 'आपली माणसं' या गटावर आधी जात आणि भिंतीवर नंतर.

"मी गटावर टाकला," वहिनी म्हणाली. "दरवेळी टाकते तसा. त्याच्या बाहेर नाही."

"मी तेव्हाच म्हटलं होतं, नको ते फोनवर घालू," आई म्हणाली.

आईनं तेव्हा म्हटलं होतं की पहिल्या फोटोत पोरीचा हात काळा आलाय, दुसरा काढ. पण सासूची आठवण सुधारायला जाणं म्हणजे पाण्यावर रेघ ओढणं; वहिनीनं ट्रे टेबलावर ठेवून कप वाटायला घेतले.

"तुझ्या हातात दिवसभर फोन असतो," थोरला म्हणाला. "कुणाला काय पाठवतेस, तुझं तुला तरी कळतं का?"

हे मात्र लागलं. वहिनी औषधांच्या दुकानात काम करायची. कोण झोपेच्या गोळ्या नेतं, कुणाच्या मुलीनं चेहऱ्यावर ओढणी घेऊन काय मागितलं, काकांना कुठली गोळी चालू आहे, हे सगळं तिच्या पोटात होतं आणि नवऱ्यापाशीही कधी ओठांवर आलं नव्हतं. चारचौघांत तो आपल्याला असं बोलेल, असं तिला वाटलं नव्हतं.

"वहिनीला बोलू नकोस, दादा," ठकी म्हणाली. "त्याला गटातून तिनं काढलं. तुम्ही सगळे म्हणत होतात, असू दे, वाईट दिसेल."

"मग काका," थोरल्यानं मोर्चा वळवला. "तुम्ही आलेलं सगळं पुढे ढकलता."

"मी?" काका ताडकन उठले. "घे. बघ. माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही." त्यांनी फोन टेबलावर आपटला आणि लगेच उचलून काचेला काही झालं नाही ना हे पाहिलं. थोरल्यानं खरंच बघायला घेतलं. काकांच्या फोनमध्ये उभ्या जगाची सुप्रभात होती, गुडघेदुखीवरचे उपाय होते, कुठल्याशा हरवलेल्या आणि केव्हाच सापडलेल्या मुलाचा फोटो होता. पंजा कुठेच पुढे गेलेला नव्हता.

"आता मागशील माफी?" काका म्हणाले.

"बसा हो काका."

"वडीलधाऱ्या माणसाची झडती घेतोस आणि वर बसा म्हणतोस? अण्णा, ऐकतोयस ना रे? तुझ्या देखत चाललंय हे."

अण्णा ऐकत नव्हते. ते मघापासून ट्रेकडे बघत होते आणि चहा निवत होता. अण्णांचा चहा निवला असं या घरात कधी झालं नव्हतं. वहिनीच्या मनात काहीतरी हललं. रिकामे कप उचलायचं निमित्त करून ती आत गेली, ओट्याला टेकली आणि तिनं फोन उघडला.

अण्णांचं फोनवरचं पान तिनंच काढून दिलं होतं. हात थरथरायला लागल्यावर ते नुसते खिडकीत बसून राहायचे, तेव्हा तिला वाटलं होतं, म्हाताऱ्याला काहीतरी विरंगुळा हवा. जुन्या कुलपांचे फोटो काढून दिले, पानाला नाव दिलं 'हातची कुलुपं', आणि कुणालाही बघता यावं म्हणून ते सगळ्यांसाठी खुलं ठेवलं. लोक वेड्यासारखे आले. दूरदूरची माणसं अंगठे दाखवून गेली. अण्णा स्वतः लिहायला शिकले. सकाळी उठले की आधी चष्मा आणि मग फोन. आई म्हणायची, सवत आणलीस घरात. मग वहिनीनं तिकडे बघायचंच सोडून दिलं होतं.

ती खाली खाली सरकवत गेली आणि थांबली.

चावी काळ्या कापडावर होती. आडवी, खिडकीच्या उजेडात, इतकी जवळून की पितळेवरचा प्रत्येक दात मोजावा. कुणाची, कुठली, काही लिहिलेलं नव्हतं. 'माझं शेवटचं काम', एवढंच. पण ती ठकीची होती. डोक्याजवळ अण्णांनी ठकीसाठी कोरलेलं बारीकसं फूल होतं.

खाली 'चावीवेडा' नावाच्या कुणीतरी लिहिलं होतं. त्याच्या चेहऱ्याच्या जागी गंजलेल्या कुलपाचं चित्र. कित्येक महिने तो अण्णांच्या प्रत्येक फोटोखाली येत होता, आणि इतरांसारखा 'छान', 'मस्त' म्हणून जात नव्हता. आधीच्या फोटोत हीच चावी उभी होती, त्याखाली त्याचं म्हणणं होतं, 'उस्ताद, उभ्या चावीचं काही कळत नाही. जरा कुशीवर झोपवा की.' आणि या फोटोखाली अण्णा: 'घ्या. खास तुमच्यासाठी झोपवली.'

चावी कुशीवर झोपवणं, म्हणजे दात दिसतील अशी आडवी ठेवणं, ही खालच्या दुकानातली बोली होती. वहिनी लग्न होऊन आली तेव्हा तिला ती ऐकून हसू आलं होतं. दुसऱ्या कुठल्या दुकानात तिनं ती कधी ऐकली नव्हती.

ती बाहेर आली तेव्हा अण्णा तिच्याकडेच बघत होते. तिच्या हातातला फोन त्यांनी पाहिला, तिचा चेहरा पाहिला, आणि नजर खाली घातली. बाहेर काका आणि थोरला अजून माफीवर अडले होते.

आता काय करायचं? वहिनीला विचार करायला फार वेळ नव्हता. भावजय वाईट निघाली तर जगाला नवल वाटत नाही, तशा कहाण्या घरोघरी असतात. माणूस दोन शिव्या घालतं आणि जगतं. पण या पोरीजवळ आता बापाशिवाय होतं कोण? तोही हातचा गेला तर ही कुठल्या भिंतीला खुर्ची टेकवणार?

"मीच," वहिनी म्हणाली.

काका आणि थोरला भांडण सोडून तिच्याकडे वळले.

"मी स्टेटसला ठेवला होता तो फोटो. थोडाच वेळ. मग काढला. मला वाटलं, काय होतंय."

"बघा!" थोरला म्हणाला. "बघा! मी काय म्हणत होतो? आणि मघापासून कशी साळसूद..." त्याला पुढे शब्द सुचेना. काका एकदम मवाळ झाले, सुटलेल्या माणसासारखे, आणि "होतं असं, होतं असं" म्हणू लागले. आईनं लसणाची परात बाजूला सारली. "घरचा दिवाच घर जाळतो," ती म्हणाली. पण ते म्हणायच्या आधी तिनं एकवार अण्णांकडे पाहिलं होतं, आणि त्या पाहण्यात राग नव्हता, सुटका होती. वहिनीला तेव्हा कळलं की ते काळं कापड कुठून आलं. आईच्या जुन्या शालीचा तुकडा होता तो. तिनंच अंथरून दिला असणार.

अण्णांनी सुनेला हे ओझं उचलू दिलं. वहिनी वाट बघत होती, ते आता बोलतील, निदान खाकरतील. त्यांनी हात मांडीवर पालथे घातले आणि तसेच बसून राहिले.

ठकीनं मनगटाचे वेढे सोडले, पर्स खुर्चीवर ठेवली आणि उठून भिंतीपाशी गेली. आपल्या फोटोसमोर उभी राहिली.

"वहिनी, कुठला फोटो ठेवला होतास?"

"हाच. तुझा पंजा."

"यात दात कुठे दिसतायत?"

कुणाच्या काही लक्षात आलं नाही. ठकीनं फोटो खिळ्यावरून काढला आणि टेबलावर ठेवला. मग थोरल्याचा काढला, काकांचा काढला, अण्णांचा काढला. "अंगठा," ती म्हणाली. "पणजोबांचा नियम. फोटोत दात अंगठ्याखाली घ्यायचे. मी हात पुढे केला तेव्हा अण्णा, तुम्हीच माझा अंगठा धरून नीट बसवला होतात. लहानपणापासून सांगत आलात, माणूस चावी दाखवतो ते कुलूप आहे हे सांगायला, उघडतं कसं ते सांगायला नाही. हा फोटो त्याच्या हातात दिला असता तरी त्याला चावीचं डोकं दिसलं असतं, बस."

वहिनीनं खुर्चीची पाठ धरली.

"वहिनी खोटं बोलतेय," ठकी म्हणाली. "आणि ती उगाच खोटं बोलत नाही. अण्णा, माझ्या हातात पडायच्या आधी चावी कुणाकडे होती?"

खाली कुणीतरी शटरवर दोनदा थाप मारली, वाट पाहिली आणि निघून गेलं.

"तो चांगलं बोलायचा," अण्णा म्हणाले.

"कोण?"

अण्णांनी वहिनीकडे हात केला. वहिनीनं फोन ठकीला दिला. ठकीनं वाचलं. वाचायला तिनं फार वेळ घेतला नाही. मग फोन दूर धरला, जवळ आणला, आणि पुन्हा वाचला.

"कुशीवर," ती म्हणाली.

"अगं, त्याला काय कळतंय फोनमधलं," काका घाईघाईनं म्हणाले. "खोटं नाव, खोटं चित्र. पोरंटोरं फसतात तिथे म्हाताऱ्याची काय कथा. त्यानं ओळखलंच नसणार. हो ना रे अण्णा? ओळखलं नव्हतंस ना?"

अण्णांनी 'नाही' म्हणावं असं त्या खोलीतल्या प्रत्येकाला वाटत होतं. वहिनीला तर इतकं वाटत होतं की तिचे ओठ हलले.

"ओळखलं होतं," अण्णा म्हणाले.

आईनं डोळ्याला पदर लावला.

"पहिल्यांदा नाही. पुढे पुढे. त्यानं विचारलं, आतल्या तिसऱ्या पट्टीची धार उलटी का ठेवली? असं कोण विचारणार? तिथे शेकडो लोक येतात. अंगठे दाखवतात, पुढे जातात. त्यांना कुलूप काय नि भोपळा काय. आणि हा..." ते थोरल्याकडे न बघता म्हणाले, "हा खोक्यातली कुलुपं विकतो. मी खाली काय करत होतो, हे एकदा तरी येऊन पाहिलं यानं? बरोबर प्रश्न विचारणारा तो एकटाच होता."

थोरल्याचा चेहरा पडला. मघापासून चढवलेला दुकानातला आवाज कुठल्या कुठे गेला. "कधी बोलावलंत का तुम्ही मला?" तो म्हणाला, पण ते त्याचं त्यालाच ऐकू गेलं असेल.

"आणि म्हणून त्याला माझ्या दाराची चावी दाखवलीत," ठकी म्हणाली.

"तुझी म्हणून नाही सांगितली. मला वाटलं, कळलीच तर कळू दे. बघेल आणि समजेल की आता इथे त्याची डाळ शिजायची नाही. नाद सोडेल." अण्णा थांबले. त्यांचा हात मांडीवर थरथरत होता, तो त्यांनी दुसऱ्या हातानं दाबून धरला. "आणि वाटलं, बघून काहीतरी म्हणेल."

"म्हणाला?"

"म्हणाला. याच्या तोडीचं दुसरं नाही, म्हणाला."

ठकी हसली. ते हसू वहिनी जन्मात विसरणार नव्हती.

"म्हातारा माणूस आहे गं तो," आई म्हणाली. "दिवसभर एकटा बसलेला असतो. चुकलं त्याचं. बापच आहे ना?"

"तुला माहीत होतं, आई."

"मला फोनमधलं काय कळतंय?"

"शाल तुझी आहे." आईनं परात पुन्हा पुढे ओढली. "तुला माहीत होतं आणि तू वहिनीला बोलू दिलंस. आणि वहिनी, तू..."

"तुझ्यासाठीच बोलले गं," वहिनी म्हणाली. "तुला निदान अण्णा तरी..."

"हो. सगळे माझ्यासाठीच करतात. तोसुद्धा माझ्यासाठीच कोंडायचा. बाहेर जग वाईट आहे म्हणायचा."

आपण चांगलं करायला गेलो, एवढं एकच वहिनीला मघापासून धरून ठेवत होतं, आणि तेही आता त्याच माणसाच्या शेजारी नेऊन ठेवलं गेलं. तिला फार वाईट वाटलं, आणि राग आला, आणि ठकीचं खोटं नाही हेही कळलं.

अण्णा उठले. खिशात चष्मा शोधू लागले. तो त्यांच्या डोळ्यांवरच होता. "मी दुसरं करतो," ते म्हणाले. "आजच बसतो खाली. फोटो नाही, काही नाही. कुणाला सांगणार नाही. तू बघ, ठके. असं करतो की..."

"नको."

"पट्ट्यांची जागाच बदलतो."

"अण्णा, तुम्ही काय काय बदलाल हे त्याला तुमच्याआधी सुचेल. तुमचा हात त्याला पाठ आहे. तुमचं कुठलंही कुलूप आता माझ्या दाराला चालणार नाही." हे ती रागानं बोलली नाही. डोळे तपासून झाल्यावर नंबर सांगावा तसं बोलली. पर्समधून तिनं फुलाची चावी काढली आणि टेबलावर, पंजांच्या ढिगाशेजारी ठेवली. ठेवताना सवयीनं तिचा अंगठा दातांवर गेला, आणि तिनं तो उचलून घेतला.

मग तिनं स्वतःचा फोन काढला आणि त्यात काहीतरी केलं. थोरल्याच्या खिशात, काकांच्या हातात, आईच्या पिशवीत, खिडकीत, सगळे फोन एकदम टुणकले. काकांनी सवयीनं पाहिलं आणि वाचून दाखवलं नाही. ठकी गटातून बाहेर पडली होती.

वहिनी तिच्या मागोमाग जिना उतरली. कुणी थांबवलं नाही. वरून आईचा हुंदका ऐकू आला, आणि थोरला म्हणाला, "तुमचा चहा गार झाला, अण्णा," जणू दिवसभरात सांगण्यासारखं तेवढंच उरलं होतं.

रस्त्यावर दोघी चालू लागल्या. कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याचं दुकान उघडं होतं. ठकी आत शिरली. हार्डवेअरवाल्यानं तिला लहानपणापासून पाहिलेलं. तो हसून उभा राहिला.

"काय हवंय? खिळे?"

"कुलूप."

"अहो, चेष्टा करता का गरिबाची? तुमच्या घरी कुलुपांचं झाड आहे आणि तुम्ही माझ्याकडे येताय?"

"खोक्यातलं द्या," ठकी म्हणाली. "कुणीही बनवलेलं. जे तुम्ही सगळ्यात जास्त विकता ते."

त्यानं वहिनीकडे पाहिलं. वहिनीनं मान वळवली. त्यानं मग काही विचारलं नाही, खोकं काढलं, उघडून दाखवलं, कुलूप दोनदा लावून उघडलं. "सोबत दोन चाव्या येतात," तो म्हणाला. "एक जवळ ठेवा, एक घरच्यांकडे देऊन ठेवा. हरवली तर पंचाईत नको."

वहिनीचा हात आपोआप पुढे गेला. जादा चावी घ्यायची, कड्यात अडकवायची. इतकी वर्षं तीच घेत आली होती. हात काउंटरवर तसाच राहिला. ठकीनं दोन्ही चाव्या उचलल्या आणि पर्सच्या आतल्या कप्प्यात टाकल्या.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "तुझ्यावर राग नाही माझा, वहिनी."

"मग मला तरी सांग, कुठे राहणार आहेस. त्या घरी परत नाही ना जाणार? मी कुणाला सांगायची नाही. यांनासुद्धा नाही. दुकानात लोक मला काय काय सांगतात, कधी ऐकलंस माझ्या तोंडून?"

"नाही ऐकलं."

"मग?"

"मघाशी तू माझ्यासाठी खोटं बोललीस. उद्या माझ्यासाठी खरं बोलशील. तो दुकानात येईल, रडेल, अण्णा आजारी आहेत म्हणेल, आणि तुला वाटेल, पोरीचं भलं होईल." ठकीनं वहिनीच्या दंडाला हात लावला, थोडा वेळ ठेवला. "माहीतच नसलं की सांगता येत नाही. तेवढंच. फोन करू नकोस, नंबर बदलणार आहे."

"अगं, पण तुला काही झालं तर आम्हाला कळणार कसं?"

"नाही कळणार," ठकी म्हणाली.

ती निघाली. एका पायानं किंचित दबून चालायची, खिडकीतून उतरली त्या दिवसापासून. वहिनी दुकानाच्या पायरीवर उभी राहिली. गर्दी फार नव्हती, ठकी बराच वेळ दिसत राहिली. पुढच्या वळणाशी ती थांबली आणि मागे वळली. वहिनीच्या जिवात जीव आला. तिनं हात उंच केला, चांगला डोक्यावर नेऊन हलवला.

ठकीनं हात केला नाही. वहिनी अजून पायरीवरच उभी आहे, मागे येत नाहीये, एवढं तिनं बघून घेतलं आणि मग ती वळणाआड गेली.